कस

मे महिन्यात पहाटे गावातून बाईकवर आसनगाव स्टेशनकडे निघालो की वाटेतल्या पाड्यावर हंड्यांची रांग लागलेली असते. माणसं नसतात, नुसते हंडे, कळशा आणि पिवळे कॅन. टँकर कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून बायका रात्रीच भांडी नंबराला लावून ठेवतात. आमच्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणं आहेत. तानसाचं पाणी १८९२पासून मुंबईला जातंय. उन्हाळ्यात पाण्याचा टँकरही आमच्याच तालुक्यात येतो.

मागच्या वर्षी त्या रांगेचा फोटो मी ऑफिसातल्या एका मित्राला दाखवला. तो मनापासून म्हणाला, "तुमच्याकडच्या बायका काय कणखर असतात रे! कष्टांनीच माणूस घडतो बघ." मी मान डोलावली. घरी येताना मात्र ते वाक्य बोचत राहिलं. त्याने कौतुकच केलं होतं. पण त्या कौतुकात टँकरचा प्रश्न कुठेतरी मिटून गेल्यासारखा झाला होता. कष्टांनी माणूस घडत असेल, तर मग नळ कशाला आणायचा?

त्या दिवसांत मी लोकलमध्ये फोनवर 'स्मृतिचित्रे' वाचत होतो. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. शाळेत त्यातला एखादा धडा वाचलेला असतो, बाकी पुस्तक राहून जातं. उघडण्याचं कारण अगदी साधं होतं. टिळक दांपत्याच्या सुरुवातीच्या भटकंतीत आमच्या शेजारच्या मुरबाडचं नाव येतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. ना. वा. टिळकांचं लहानपणीचं काही शिक्षणही कल्याणला झालेलं. म्हटलं, आपल्याच भागातली माणसं आहेत, बघू या. पुस्तक संपलं तेव्हा मित्राच्या वाक्याला उत्तर द्यायला माझ्याकडे थोडंफार काहीतरी होतं.

कसोटी की भट्टी?

संकट आणि चारित्र्य यांचं नातं ख्रिस्ती धर्मात फार जुनं आहे. पहिल्या शतकात पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं. त्याच्या पाचव्या अध्यायात तो एक साखळी मांडतो: संकटातून धीर येतो, धीरातून एक वेगळीच गोष्ट तयार होते आणि तिच्यातून आशा. ती मधली गोष्ट म्हणजे ग्रीक भाषेतला 'दोकिमे' हा शब्द. नाणं किंवा धातू पारखून घेतल्यावर तो खरा ठरणं, ही त्यामागची कल्पना. इंग्रजीत त्याचं भाषांतर बऱ्याचदा 'कॅरेक्टर' असं करतात. मला विचाराल तर मराठीत त्याला नेमका शब्द आहे: कस. सोनाराकडे कसोटीचा काळा दगड असतो, त्यावर सोनं घासतात आणि उमटलेल्या रेघेवरून त्याचा कस कळतो.

पण कसोटीच्या दगडाने सोनं तयार होत नाही. जे आहे ते फक्त दिसतं. सोनं शुद्ध करायला भट्टी लागते, आणि तीच भट्टी लाकडाची राख करते. म्हणजे प्रश्न दोन आहेत. संकटात माणसाचा स्वभाव दिसतो की तयार होतो? आणि तयार होत असेल, तर एकाचं सोनं आणि दुसऱ्याची राख कशी होते?

आमच्या कामात लोड टेस्ट नावाचा प्रकार असतो. सर्व्हरवर मुद्दाम खूप भार टाकायचा आणि तो कुठे कोलमडतो ते बघायचं. नवीन असताना मला वाटायचं की टेस्ट केल्याने सिस्टीम मजबूत होते. तसं काही नसतं. टेस्ट फक्त तडा कुठे आहे ते दाखवते. मजबूत होते ती नंतर कुणीतरी बसून दुरुस्ती केल्यावर. आणि लोड टेस्टमध्ये कुणी मरत नाही. दुष्काळात मरतात.

एकाच घरातली दोन माणसं

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. त्यांच्या जन्माआधीच घरावर एक मोठा आघात होऊन गेला होता. आईच्या वडिलांना १८५७च्या बंडात फाशी झाली होती. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना, नानांना, सोवळ्याचं वेड लागलं. बाहेरून येणारी प्रत्येक जिन्नस धुवायची, कुणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, घरातल्या बायकामुलांनी दिवसभर त्या धाकात राहायचं. लक्ष्मीबाई हे सगळं सांगताना हसवतात. थोडं थांबून विचार केला की हसू विरतं. घाबरलेला एक माणूस आपली भीती सगळ्या घरावर पसरवतोय, असं ते चित्र आहे.

संकटाने नानांनाही घडवलंच की. फक्त ते असं घडवलं. 'कष्टांनी माणूस घडतो' म्हणणारे नानांसारख्यांना मोजत नाहीत.

त्याच घरात वाढलेल्या मुलीचं लग्न १८८०मध्ये नारायण वामन टिळकांशी झालं. ती अकरा-बारा वर्षांची, ते अठराचे. टिळक कवी, विद्वान, दिलदार आणि कमालीचे लहरी. आज इथे शिक्षक, उद्या तिथे कीर्तनकार, परवा आणखी कुठे. घरात पैसा टिकत नसे आणि टिळकही घरात टिकत नसत. या ओढाताणीत लक्ष्मीबाईंनी पोटची मुलं गमावली. १८९१मध्ये झालेला देवदत्त जगला.

पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात टिळकांना एक गोरा मिशनरी भेटला. गप्पा झाल्या आणि त्याने नवा करार हातात ठेवला. डोंगरावरच्या प्रवचनाने टिळक भारावून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विश्वासात घेतलं नव्हतं.

हा प्रसंग आपण सहसा टिळकांच्या बाजूने वाचतो: सत्याचा शोध, समाजाचा रोष, धाडसी पाऊल. लक्ष्मीबाईंच्या बाजूने बघा. वय सव्वीस-सत्तावीस, पदरात लहान मूल, नवरा जिवंत आहे पण त्याच्या घरी जाता येत नाही. सधवा म्हणावं तर संसार नाही, विधवा म्हणावं तर कुंकू आहे. सुमारे साडेचार वर्षं त्या अशा राहिल्या, काही काळ पंढरपुरात, नातलगांच्या आधाराने. टिळकांची पत्रं येत राहिली.

त्या ख्रिस्ती झाल्या त्या या छळामुळे खचून नव्हे, आणि पुस्तकात कुठेही तसा सूर नाही. आधी त्या नवऱ्याजवळ नगरला राहायला गेल्या त्या हिंदू म्हणूनच, स्वतःचं सोवळं आणि स्वतःचा स्वयंपाक सांभाळून. मग त्यांना एक प्रश्न पडला. जात देवाने केली की माणसाने? माणूस, पशू, पक्षी देवाने वेगळे केले हे दिसतं. पण माणसामाणसांतला हा भेद कुठे दिसतो? उत्तर सापडलं तेव्हा त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. नानांच्या मुलीने! जात आधी सुटली, बाप्तिस्मा नंतर, १९०० साली झाला.

हे वाचताना मला पाण्याचं महत्त्व लक्षात आलं. त्या काळच्या महाराष्ट्रात कुणाच्या हातचं पाणी प्यायचं यावर माणसाचं सगळं स्थान ठरायचं. लक्ष्मीबाईंचा खरा धर्मबदल एका पेल्यात झाला. तो करायला त्यांना कुणी भाग पाडलं नव्हतं. संकटाने त्यांना जुन्या घरातून बाहेर ढकललं, एवढंच. नवीन घर त्यांनी स्वतः विचार करून बांधलं.

आणि ते बांधताना त्या एकट्या नव्हत्या. त्यांना सांभाळणारे नातलग होते, पत्रं लिहिणारा नवरा होता, पुढे नगरच्या मिशनमधली माणसं होती. नानांना त्यांच्या भीतीतून बाहेर काढणारं कुणी होतं का? पुस्तकात तरी मला तसं कुणी दिसलं नाही. एकाचं सोनं आणि दुसऱ्याची राख का होते, याचं अर्धं उत्तर बहुधा इथे असावं.

उपाशी मुलगी परत दुष्काळात जाते

उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी मला पंडिता रमाबाईंकडे जावं लागलं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्याबद्दल समाजाचा रोष पत्करला. सगळं कुटुंब पुराणं सांगत तीर्थाटन करत असे. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. शिलकीतले पैसे संपले. भीक मागायची सवय नव्हती, मजुरी येत नव्हती. देवांना साकडं घालून झालं, व्रतं झाली, दानधर्मात उरलंसुरलं गेलं. थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण असे तिघेही गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी भटकले आणि १८७८मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी तिची विद्वत्ता पाहून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. कालपर्यंत जी मुलगी उपाशी होती, तिला आज पदवी.

सुख फार टिकलं नाही. १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. १८८१मध्ये मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२मध्ये नवरा पटकीने गेला. चोवीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत रमाबाईंच्या माणसांत एक तान्ही मुलगी तेवढी उरली होती.

त्या पुण्याला आल्या, १८८२मध्ये आर्य महिला समाज काढला, मग इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पण ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांच्यापुढेही त्यांनी मान तुकवली नाही. तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रव्यवहार आजही वाचण्यासारखा आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले ते दुसरं जोखड मानेवर घ्यायला नाही, असा त्यांचा सूर होता. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा सवाल होता.

परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढे ते पुण्याला नेलं. इथल्याच गोदूबाईंशी १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. त्याच वर्षी सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात म्हणून पुण्यात वादळ उठलं. रानडे आणि भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

मग १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून भुकेल्यांच्या बातम्या यायला लागल्या. आपण दुष्काळाची आठवण काढायलाही घाबरलो असतो. रमाबाई गाडीत बसल्या आणि तिकडे गेल्या. तिथून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या. पुण्यात प्लेग होता, एवढ्या जणींना शहरात ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून दौंडजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर आधी झोपड्या उभ्या राहिल्या, मग इमारती. त्या जागेचं नाव 'मुक्ती'. १८९९-१९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

तिथे काय चालायचं? शाळा, शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. अंध मुलींना शिक्षण. फसवल्या गेलेल्या मुलींसाठी कृपा सदन. १८९७च्या प्लेगमध्ये सरकारी बंदोबस्तात बायकांची जी आबाळ झाली तिच्यावर रमाबाईंनी जाहीर पत्र लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती होते म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. भुकेने मला घडवलं, तर तुम्हालाही घडवेल, असं म्हणायचा हक्क कुणाला असेलच तर तो रमाबाईंना होता. त्यांनी ते म्हटलं नाही. त्यांनी आधी भाकरी दिली, अंगावर कपडा दिला, मग हातात काम आणि पाटी दिली. स्वतः सोसलेलं दुसऱ्याला सोसावं लागू नये यासाठी त्यांनी उरलेलं आयुष्य खर्च केलं. पौलाच्या त्या शब्दाचा मला कळलेला अर्थ हाच आहे. कस उतरला की नाही हे माणूस किती सोसतो यावर ठरत नाही. सोसून झाल्यावर तो दुसऱ्याच्या दुःखाकडे कसा बघतो, यावर ठरतं.

अवघड बाजू

इथे एक प्रश्न टाळता येत नाही. उपाशी मुलीला ज्याने जेवू घातलं त्याचाच धर्म तिने स्वीकारला, तर तो स्वीकार किती मोकळा? शारदा सदन सुरू करताना धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचा शब्द होता. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. १८९३मध्ये विरोध करणारे सगळेच काही सनातनी नव्हते. विश्वासाचा हा प्रश्न त्यांनाही पडला होता. मला वाटतं, तो प्रश्न खरा आहे आणि रमाबाईंच्या मोठेपणाने तो पुसला जात नाही.

पण त्याला जोडून दुसराही विचारावा लागतो. त्या मुलींना आणायला आणखी कोण गेलं होतं? १८७६ ते ७८च्या महादुष्काळात देशात किमान पन्नास लाख माणसं मेली असा अंदाज आहे. त्यांचा स्वभाव दिसायला किंवा घडायला ती उरलीच नाहीत. संकटातून उजळून निघालेल्यांच्या गोष्टी आपण वाचतो, कारण जे वाचले त्यांनीच लिहिलं. रमाबाईंची थोरली बहीण तितकीच सोशीक असेल, तितकीच हुशारही असेल. तिचं आत्मचरित्र नाही.

बायबलमध्येच ईयोब नावाच्या माणसाची कथा आहे. त्याची मुलंबाळं, गुरंढोरं, तब्येत, सगळं जातं. मित्र भेटायला येतात. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात, आणि तेवढंच काय ते बरं करतात. मग बोलायला लागतात: तुझं काहीतरी चुकलं असेल, देव तुला शिकवतोय. शेवटी देव बोलतो तेव्हा रागावतो तो ईयोबवर कमी आणि या मित्रांवर जास्त. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लांबून सांगणाऱ्यांची त्या ग्रंथाने चांगलीच कानउघाडणी केली आहे. माझ्या मित्राची नाही म्हणत मी. माझी. फोटो काढून दाखवणारा मीच होतो.

शेवटची कामं

१९०५च्या आसपासपासून रमाबाई एका मोठ्या कामाला लागल्या होत्या: मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणायचं, आणि तेही केडगावच्या साध्या मुलींना कळेल अशा मराठीत. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच केलं. त्याच हातांनी, जे कधीकाळी दुष्काळात भाकरीसाठी पसरले गेले होते. जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. आधीच्या साऱ्या मरणांनंतर उरलेलं ते एकच माणूस. रमाबाई काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. छापलेलं बायबल १९२४मध्ये बाहेर आलं.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. आणि मुलाच्या आग्रहाने आठवणी लिहायला घेतल्या. १९३४पासून त्या पुस्तकरूपाने यायला लागल्या. २४ फेब्रुवारी १९३६ला त्या गेल्या तेव्हा शेवटचा भाग यायचा होता. पुस्तकात सूड नाही, तक्रार फारशी नाही, टिळकांचा एकही दोष लपवलेला नाही आणि तरी त्यांच्यावरचं प्रेम पानापानावर आहे. एवढं सोसून हा विनोद कुठून आला, असं लोक विचारतात. मला वाटतं, तो सोसण्यातून आला नाही. तो त्यांचा होताच. सोसण्याने तो मेला नाही, यातच त्यांचा कस दिसतो.

परवा पहाटे पुन्हा त्या पाड्यावरून जात होतो. टँकर आला होता आणि पाइपाभोवती गलका चालला होता. साठीच्या पुढची एक मावशी रांगेत आपला नंबर सोडून, बाळंतीण असलेल्या शेजारणीचा हंडा पुढे सरकवत होती. मागच्या बायकांनी आरडाओरडा केला. तिने कुणाकडे लक्ष दिलं नाही. हंडा भरला, पोराच्या डोक्यावर दिला आणि मग स्वतः मागे जाऊन उभी राहिली.

मावशी कणखर आहे यात शंका नाही. तिला तो कणखरपणा टँकरने दिलेला नाही. आणि त्यासाठी टँकर येत राहायला हवा असं तिला तर नक्कीच वाटत नाही. "नळाचं कळलं काय रे?" तिने मला विचारलं. ग्रामपंचायतीतल्या अर्जाचं काम मी करतो असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. अजून मी काहीच करत नव्हतो. त्या दिवशी लोकलमध्ये बसल्यावर फोनवर पुस्तक उघडलं नाही, अर्जाचा मसुदा लिहायला घेतला.